कळंबा की बंधपत्र?

पहिल्याच चोरीत सापडलेल्या विशीतल्या पोराला कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात धाडायचं, की १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायचं? आत गेला की उद्यमनगरातलं लेथवरचं काम सुटतं आणि संगत लागते मुरलेल्यांची. बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षं, काम आणि घर दोन्ही टिकतं.

बोस्टनच्या ५०० गुन्हेगार मुलांचा वयाच्या सत्तरीपर्यंत माग काढणाऱ्या सॅम्पसन आणि लॉब या गुन्हेगारीच्या अभ्यासकांना हेच दिसलं: स्थिर नोकरी आणि जमलेला संसार यांनी माणसं गुन्ह्यापासून सुटली, पण प्रत्येकजण वेगळ्या वयात. म्हणून मी ठामपणे बंधपत्राच्या बाजूने. पोरगं एकदा घसरेलही! कायद्यालाही ते ठाऊक आहे. पहिल्यांदा अट मोडली, तर न्यायालय पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं.