होम अलोन पहिला का दुसरा? पोरांबरोबर एकच बघायचा असेल तर

आपल्या कोल्हापुरात नाताळची सुट्टी बऱ्याच शाळांना एकच दिवसाची, दुसऱ्या दिवशी परत डबा न् रिक्षा, त्यामुळं २५ डिसेंबरला 'होम अलोन' या इंग्रजी पिक्चरचे दोन्ही भाग सलग लावूया असं घरात कुणी म्हणालं तर नादाला लागू नका. एकच निवडा. मी दोन्ही लय वर्षांनी परत बघितले म्हणून सांगतोय.

पहिला १९९० चा, दुसरा १९९२ चा. डायरेक्टर ख्रिस कोलंबस, लेखक जॉन ह्यूज, म्युझिक जॉन विल्यम्स, पोरगं केविन झालेला मॅकॉली कल्किन आणि चोर पण तेच दोघं. स्टोरी तरी कुठं वेगळी आहे, मोठं खटलं, ट्रिपची गडबड आणि एक पोरगं चुकतं, मग ते एकटंच दोन चोरांना पुरून उरतं.

पण कसं चुकतं त्यात फरक आहे. पहिल्यात ते पटतं राव. रात्री वाऱ्यानं लाइट जाते, गजर होत नाही, पॅरिसला निघालेले सगळे उशिरा उठतात, डोकी मोजताना शेजारचं पोरगं मोजलं जातं आणि केविनचं तिकीट आदल्या रात्री सांडलेलं दूध पुसताना कचऱ्यात गेलेलं असतं. दोन गाड्या करून जोतिबाला निघालं की "आम्हाला वाटलं तुमच्या गाडीत हाय" हे आपल्याकडं पण होतंच की. दुसऱ्यात गडी एअरपोर्टवर वडिलांसारखाच कोट घातलेल्या भलत्याच माणसाच्या मागं जातो न् न्यूयॉर्कला पोचतो, मग वडिलांच्या क्रेडिट कार्डावर थेट प्लाझा हॉटेल! लहानपणी हे स्वप्न वाटायचं, आता बिल दिसतं.

मारामारी दुसऱ्यात जास्त. छपरावरनं विटा येतात त्या एकाच चोराच्या कपाळात, परत परत. पोरं लोळून हसतात, मला मात्र एक्सरे काढायला लागंल असं वाटत राहिलं.

पहिल्याचं खरं बळ आई आहे, कॅथरीन ओहारा. लहानपणी तिचे सीन आले की आम्ही पाणी प्यायला उठायचो. आता तीच बघत बसलो. पॅरिसच्या एअरपोर्टवर एका सीटसाठी कानातलं पण द्यायला तयार होते, आणि शेवटी स्क्रँटनवरनं बँडवाल्यांच्या गाडीत बसून घर गाठते. त्यातला जॉन कँडी तिला धीर द्यायचा म्हणून आपण आपलंच पोरगं कसं विसरलेलो ते सांगत बसतो, ते ऐकताना तिचं तोंड बघा फक्त. शेजारचा म्हातारा मार्ली पण भारी, पोराशी बोलणं तुटलेला, नातीचं गाणं ऐकायला चर्चमध्ये लांब बसलेला. दुसऱ्यात त्याच जागी कबुतरांवाली बाई आहे, चांगली आहे, पण तोच डाव परत टाकलाय हे कळतं.

पोरं आठ-दहाची असतील आणि नुसता दंगा पाहिजे तर दुसरा, पण तो १२० मिनिटांचा आहे, जेवणं आधी उरका. आज्जी-आजोबा पण बसणार असतील तर पहिलाच, १०३ मिनिटांत मोकळे. फक्त फ्लॅटमध्ये असाल तर चोराच्या तोंडावर कोळी बसतो तिथं आवाज बारीक करा, तो असा बोंबलतो की खालचे वर येतील.