परदेशी खेळाडूंच्या प्रशिक्षकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : उपयुक्त, पण अपुरा

दुसऱ्या देशातील खेळाडूंना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी एका खासगी संस्थेने तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रो कबड्डीत इराणी खेळाडू आता चांगलेच रुळले आहेत. फजल अत्राचली तर यू मुंबाचा आणि पुढे पुणेरी पलटणचाही कर्णधार झाला. त्यामुळे अशा प्रशिक्षणाची गरज आपल्या प्रशिक्षकांना निश्चितच आहे.

सूचना कशा द्याव्यात, हा यातील सर्वांत सकस भाग आहे. ‘समजले का?’ या प्रश्नाला आदरापोटी किंवा संकोचापोटी मिळणारा होकार प्रमाण मानू नये, कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या बचावपटूला घोट्याची पकड प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे, आणि दुभाष्याला सरावापूर्वीच त्या दिवसाचा हेतू समजावून द्यावा, हे चित्रफितींतून फार नेमकेपणाने दाखवले आहे. चारचौघांत रागावल्याने काही खेळाडू कायमचे मिटून जातात, हा मुद्दाही महत्त्वाचा आहे.

त्यापुढे मात्र आहार, पेहराव, अभिवादन अशा शिष्टाचारांच्या याद्याच आहेत. रमजानमध्ये दिवसभर पाणीही न घेणाऱ्या खेळाडूचा कठीण सराव इफ्तारनंतर ठेवावा की पहाटेपूर्वी, त्याची झोप कशी सांभाळावी, यावर जेमतेम दोन वाक्ये आहेत. प्रशिक्षकाला अडते ते नेमके येथेच.

नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक शैलजा जैन यांचा उल्लेखही नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले. इराणच्या महिला संघासाठी त्या फारसी शिकल्या, हिजाब घालून खेळणाऱ्या त्या मुलींच्या सरावात त्यांनी योग आणि प्राणायाम आणले, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने २०१० व २०१४ च्या विजेत्या भारताला २७-२४ असे हरवले. स्वतःच्या देशाविरुद्ध संघ उतरवताना खेळाडूंचा विश्वास कसा टिकवावा आणि मायदेशातील नाराजीला कसे सामोरे जावे, हे प्रश्न या अभ्यासक्रमात येतच नाहीत. माझ्या मते, परदेशी संघाची जबाबदारी घेणाऱ्यासाठी यांहून अवघड प्रश्न दुसरे नाहीत.

चित्रीकरण स्वच्छ आहे, मराठी उपशीर्षके मात्र नाहीत. आपल्या संघात एखाद-दुसरा परदेशी खेळाडू असलेल्या प्रशिक्षकाने सूचनांवरील भागासाठी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. परदेशात राहून संपूर्ण संघ घडवायला निघालेल्यांनी त्याआधी असे काम केलेल्या एखाद्या प्रशिक्षकाशी सविस्तर बोलून घ्यावे.