सोचिमिल्कोची चिनांपा-सहल : नावेतून पाहिलेली शेती

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला असलेल्या सोचिमिल्कोत जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला रंगीत त्राहिनेरा नावा, त्यांवरचे गाणेबजावणे आणि रविवारची गर्दी एवढेच येते. आम्ही मात्र क्वेमांकोच्या धक्क्यावरून सकाळी लवकर निघणारी, शेती दाखवणारी तीन तासांची सहल निवडली आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

जाहिरातीत ‘तरंगत्या बागा’ असे लिहिले होते, ते खरे नाही. उथळ सरोवरात कूड घालून, आत गाळ व पाणवनस्पती यांचे थर रचून उभारलेला लांबट, अरुंद वाफा म्हणजे चिनांपा. त्याच्या कडा काठाने लावलेल्या आवेहोते या झाडांची, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदांची, मुळे धरून ठेवतात. भोवतालच्या कालव्यांचे पाणी मातीत सतत झिरपत राहिल्याने पिकाला वरून फारसे पाणी द्यावे लागत नाही, आणि सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या थंडीचा तडाखाही त्या पाण्यामुळे काहीसा सौम्य होतो.

सहलीचे खरे मोल रोपवाटिकेपाशी कळले. शेतकऱ्याने कालव्याच्या तळाचा गाळ उपसून आमच्यासमोर पसरला, तो थोडा आळल्यावर सुरीने त्याचे चौकोनी तुकडे पाडले, प्रत्येकात बोटाने खळगा करून बी टाकले आणि वर कोरडे शेणखत भुरभुरवले. या तुकड्याला चापिन म्हणतात. रोप मातीच्या तुकड्यासकट उचलून लावले जात असल्याने मुळे दुखावत नाहीत, आणि एक पीक उभे असतानाच पुढच्याची रोपे तयार होत राहतात. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरणाऱ्या आपल्या रोपवाटिकाचालकांनी हे अवश्य पाहावे.

मार्गदर्शकाने १९८७ चा जागतिक वारसा दर्जा तीनदा सांगितला. पण इथले झरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शहराच्या नळांकडे वळवले गेले आणि आज कालव्यांत मुख्यतः प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते, ही गोष्ट त्याने आम्ही विचारल्यावरच, तीही दोन वाक्यांत, उरकली. भाजीपाल्याच्या शेतीत पाण्याचा प्रश्न असा टाळणे मला खटकले.

शेवटच्या न्याहारीत वेर्दोलागास नावाची भाजी आली, ती आपली घोळच निघाली. बांधावरचा झेंडू तर मूळचा याच देशातला. दसऱ्याला आपण तो तोरणात ओवतो, इथे नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या सणासाठी त्याची रास लागते. माहिती केवळ स्पॅनिशमध्ये मिळते, म्हणून दुभाषा सोबत असावा, आणि शक्यतो आठवड्याच्या मधला वार निवडावा.