धुक्यातली छोटी होडी: प्लॉटर, एआयएस की रडार?

थंडीत पहाटे कोकणातल्या खाड्यांवर धुकं बसतं आणि उन्हं वर आली की विरतं. तेवढ्या वेळासाठी सात-आठ मीटरच्या फायबर होडीवर काय बसवावं? मी कुठे आहे आणि माझ्याजवळ कोण आहे, हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. दुकानात ते एकच असल्यासारखे विकले जातात.

पहिल्याचं उत्तर प्लॉटर, म्हणजे जीपीएसचं स्थान सागरी नकाशावर दाखवणारा स्क्रीन, देतो. जीपीएस सहसा पाच-दहा मीटरांत चुकतं. मोठी चूक नकाशात असते. खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळू सरकते, स्क्रीनवरची खोली मात्र जुनीच राहते. म्हणून साउंडर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र) जोडलेलाच प्लॉटर घ्या. स्वच्छ हवेत सुखरूप गेलेली वाट त्यात साठवा आणि धुक्यात तीच धरा. मार्गबिंदू (प्लॉटरमध्ये नोंदवलेला वाटेवरचा टप्पा) नेमका बोयावर, म्हणजे तरंगत्या खुणेवर, ठेवू नका. बाकीच्यांनीही तिथेच ठेवलेला असतो. साउंडरचा आकडा नकाशाशी ताडताना भरतीचं पाणी वजा करा. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी साडेतीन-चार मीटर चढतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, बरंच कमी. मोबाइल राखीव म्हणून ठीक, दवाने भिजलेला स्क्रीन बोटाला दाद देत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी एआयएस, म्हणजे जहाजांनी रेडिओवरून आपलं स्थान एकमेकांना कळवण्याची यंत्रणा, आणि रडार. नुसता एआयएस रिसीव्हर घेतलात तर जहाज तुम्हाला दिसेल, तुम्ही त्याला नाही. घ्यायचा तर ट्रान्सपाँडर, तो तुमचं स्थानही पाठवतो. छोट्या होड्यांसाठीचा दोन वॅटचा ‘क्लास बी’ संच दोन नॉटच्या (ताशी दोन सागरी मैलांच्या) वर दर ३० सेकंदांनी स्थान कळवतो, त्याखाली दर तीन मिनिटांनी. धुक्यात वेग उतरवलात की नेमकं तेव्हाच इतरांना तुमचं जुनं स्थान दिसतं. शिवाय संच नसलेली पगार (मच्छीमारांची छोटी होडी) त्यावर उमटतच नाही.

रडारला समोरच्याकडे काही असावं लागत नाही. पण लाकूड आणि फायबरचा प्रतिध्वनी क्षीण, जवळच्या लाटांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींच्या कचऱ्यात तो हरवतो. १८ इंची डोमचा (रडारच्या घुमटाकार अँटेनाचा) झोत सुमारे पाच अंश रुंद, म्हणजे एका सागरी मैलावर १६० मीटर: शेजारच्या दोन होड्या एकच ठिपका होतात. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने स्क्रीन बघायचा. एकटेच जात असाल तर रडारवर पैसे घालू नका.

त्याआधी स्वस्तातला रडार-परावर्तक, म्हणजे दुसऱ्यांच्या रडारच्या लहरी परत फेकणारी वस्तू, उंच बांधा. मापात कंजुषी नको: कडा दुप्पट झाली की परावर्तन १६ पट वाढतं. भोंगाही हवाच. १२ मीटरखालच्या होडीला ठरावीक संकेतांची सक्ती नाही, पण दर दोन मिनिटांच्या आत परिणामकारक आवाज करणं बंधनकारक आहे. चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा द्या, मग इंजिन मंद करून ऐका.

खाडीतल्या खाडीत फिरणाऱ्याला प्लॉटर-साउंडर, होकायंत्र, परावर्तक आणि भोंगा पुरे. मुंबई बंदर, जयगड किंवा दाभोळच्या तोंडाशी मोठी जहाजं येतात. तिथे व्हीएचएफ रेडिओ आणि ट्रान्सपाँडर जोडा. रडार त्यानंतर, आणि आधी महिनाभर स्वच्छ हवेत वापरून.

यातलं काहीही बसवलंत तरी सहा नॉटच्या दोन होड्या समोरासमोर आल्या आणि १०० मीटरवरचंच दिसत असेल, तर हातात १६ सेकंद असतात. समोरून भोंगा ऐकू आला तर होडी सुकाणूला दाद देईल इतपतच गती ठेवा, गरज पडली तर थांबा. निघण्याची घाई नसेल तर जहाजांच्या वाटेतून बाजूला, ओहोटीलाही होडी तरंगेल अशा दोन-तीन मीटर पाण्यात सरका. खोलीच्या पाचपट दोर सोडून नांगर टाका. मोठ्या जहाजाला तिथे येताच येत नाही. पगारी मात्र येतात, तेव्हा घंटा हाताशी ठेवा: दर मिनिटाला पाच सेकंद, भराभर.