नाकाबंदीत डॅशकॅम किती कामाचा? पुढे आणि आत बघणाऱ्या दोन कॅमेऱ्यांच्या संचाची पारख

पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा नेमकं काय घडलं याचा पुरावा राहावा म्हणून डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर लावायचा रेकॉर्डिंग कॅमेरा, घेत असाल, तर फक्त पुढे बघणारा घेऊ नका. अपघातासाठी तो चांगलाच आहे. पण पोलीस येऊन उभा राहतो चालकाच्या उजव्या काचेपाशी, आणि ती जागा पुढच्या कॅमेऱ्यात येतच नाही.

कोनाचा हा मुद्दा किरकोळ नाही. 6 जुलै 2016 रोजी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टील यांची गाडी पोलिसांनी अडवली. गस्ती गाडीच्या डॅशकॅममध्ये बोलणं आलं, सात गोळ्याही आल्या. आपल्याजवळ पिस्तूल आहे हे कॅस्टील यांनी स्वतःहून सांगितलेलं त्यात ऐकू येतं. मात्र कॅमेरा मागच्या गाडीत असल्याने त्यांचा हात कुठे जात होता ते दिसत नाही. पुढचा सगळा वाद त्या न दिसलेल्या हातावर झाला आणि जून 2017 मध्ये अधिकारी निर्दोष सुटला. आपल्याकडे लखनौत 28-29 सप्टेंबर 2018 च्या मध्यरात्रीनंतर शिपायाच्या गोळीने चालक मेला, तेव्हा शिपायाने स्वसंरक्षणाचा दावा केला आणि शेजारी बसलेल्या सहकारी महिलेने त्याच्या उलट सांगितलं.

म्हणून दुसरा कॅमेरा केबिनचा हवा, रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवे असलेला. तो आरशाच्या डाव्या बाजूला लावून चालकाची काच, स्टिअरिंग आणि चालकाचे दोन्ही हात चौकटीत येतील असा वळवा. इन्फ्रारेडमध्ये चित्र काळं-पांढरं येतं आणि कपड्यांचे रंग हरवतात, एवढी तडजोड करावीच लागते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ ठेवा, नाहीतर रस्त्यावरचे दिवे चित्रात लुकलुकतात.

आता खरी अडचण. अडवल्यावर पहिलं वाक्य असतं, "गाडी बंद करा." बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवली की लायटरच्या सॉकेटचा पुरवठा तुटतो आणि कॅमेरा नेमका त्याच क्षणी बंद पडतो. ठाण्यात काय किंवा वाशीत काय, अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत सॉकेटमधूनच वायर काढून देतात, कारण ते दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट फ्यूजबॉक्सला जोडणारा संच, मागा. त्यात तीन वायरी असतात: एक फ्यूजबॉक्समधल्या कायम चालू फ्यूजवर, एक किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर, तिसरी बॉडीला अर्थ. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा जोड) वापरायला लावा, वायर कापून जोड मारू देऊ नका. गाडीची बॅटरी वाचवण्यासाठी कट-ऑफ, म्हणजे ज्याखाली किट पुरवठा तोडतं तो व्होल्टेज, 12 व्होल्टच्या आसपास ठेवा.

किट बसवूनही एक फसगत राहते. किल्ली बंद होताच कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातो, आणि बऱ्याच मॉडेलांत तो आधीपासून टाइमलॅप्सवर असतो: सेकंदाला एखादी फ्रेम, आवाज नाही. अशा चित्रणात कोण काय बोललं ते उरतच नाही. सलग पण कमी बिटरेटचं (सेकंदाला कमी डेटा घेणारं), आवाजासह रेकॉर्डिंग होईल असा पर्याय ज्यात नाही, तो संच या कामासाठी घेऊ नये. दुकानातून निघण्यापूर्वी किल्ली काढून पाच मिनिटं बोला आणि ते फुटेज तिथेच ऐका. माइक अनेकदा मुळात बंद असतो. प्रवाशांना मात्र आवाज रेकॉर्ड होतोय हे सांगून ठेवा.

कॅमेऱ्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडीशी वीज साठवणारा भाग) असलेला संच निवडा. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या काचेवर लिथियम बॅटरी फुगते. कपॅसिटर मात्र शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरताच असतो, त्यावर रेकॉर्डिंग चालत नाही.

मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्स, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सोसणारं, असावं. दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला 25 मेगाबिट धरले तर तासाला साधारण 11 जीबी जातात, म्हणजे 64 जीबी साडेपाच तासांत भरतं आणि मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. घोडबंदर रोडवर रोज दोन-अडीच तास काढणाऱ्याचा मंगळवारचा प्रसंग शुक्रवारी पुसला गेलेला असतो. धक्का ओळखणारा सेन्सर धडकेला फाइल लॉक करतो, काचेपाशी झालेल्या वादाला करत नाही. लॉकचं बटण स्वतः दाबावं लागतं, पण ते नाकाबंदी ओलांडल्यावर. शिपाई काचेपाशी असताना अंधारात कॅमेऱ्याकडे किंवा डॅशबोर्डकडे हात नेऊ नका. हात स्टिअरिंगवर, आतला दिवा चालू, आणि कागद काढण्यापूर्वी तसं बोलून सांगा.

मोबाइलचं शूटिंग याला जोड म्हणून ठीक, पण ते शेजारी बसलेल्याने करावं. 2022 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्समध्ये पॅट्रिक लियोया यांना अडवल्यावर झटापटीत बटण दाबलं जाऊन अधिकाऱ्याचा बॉडी कॅमेरा बंद पडला. त्यांच्यावर झाडलेली गोळी सोबतच्या प्रवाशाच्या मोबाइलमध्ये आली.

गंभीर काही घडलं तर कार्ड लगेच काढा, त्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होऊ देऊ नका. प्रत करताना शा-256 हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा संगणकी ठसा, काढून ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि हॅश दोन्हीकडे येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप दाबून लहान केली जाते, तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. पोलिसांनी कार्ड जप्त केलं तर पंचनाम्यात त्याचा अनुक्रमांक लिहायला लावा, पाकीट तुमच्यासमोर सील होऊ द्या आणि प्रत मागून घ्या.