मेटाक्रिटिक, ओपनक्रिटिक, स्टीम: नाशिकच्या गेमरने कुणाचे मार्क किती मनावर घ्यावेत

मेटाक्रिटिक ही समीक्षकांचे मार्क एकत्र करून गेमला १०० पैकी एक आकडा देणारी साइट. तिथे ७५ पासून हिरवा चौकोन मिळतो, ५० ते ७४ ला पिवळा. पण समीक्षकांचे मार्क मुळातच वरच्या पट्ट्यात दाटलेले असतात, त्यामुळे ७८ आणि ८३ मधल्या फरकावर पैसे लावू नका. शिवाय कोणत्या प्रकाशनाच्या मताला किती वजन, हे मेटाक्रिटिक सांगत नाही. तशाच प्रकारचं ओपनक्रिटिक साधी सरासरी काढतं आणि किती टक्के समीक्षकांनी शिफारस केली तेही दाखवतं. दोन्हींत तेच बरं.

स्टीम म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान; तिथे मतं खेळणारे देतात, त्यामुळे त्याचा आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे. ९२ टक्के म्हणजे १०० पैकी ९२ मार्क नव्हेत; शंभरातल्या ९२ जणांनी अंगठा वर केला, एवढंच. गेम जेमतेम आवडला तरी तोच अंगठा आणि जीव जडला तरी तोच. त्यात ट्रेन चालवण्याचा किंवा शेतीचा गेम घेणारा आधीपासूनच त्यातला शौकीन असतो, म्हणून असे टक्के चढे दिसतात. तो प्रकारच तुम्हाला रुचत नसेल तर ९५ टक्केही कामाचे नाहीत.

समीक्षक आणि खेळणारे यांचं जिथे जुळत नाही, तिथे नीट थांबून वाचा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती. पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर, तो इतका अडखळत होता की सोनीने काही महिने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. ‘एल्डन रिंग’ला २०२२ मध्ये समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, तरी पीसीवर फ्रेम अडकत (चित्र मध्येच थबकत) असल्याने स्टीमवर सुरुवातीला संमिश्र मतं होती. तेव्हा मार्क कोणत्या मशीनवरचे, हे आधी बघा. उलटंही होतं: मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’वर नकारात्मक मतांचा पूर आला तो पीएसएन (सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं) खातं जोडण्याच्या सक्तीमुळे, खेळामुळे नव्हे. स्टीमच्या आलेखात असा लाल खांब दिसला की त्या तारखांची मतं उघडून कारण वाचा. मग ‘अलीकडची मतं’, म्हणजे शेवटचे ३० दिवस, आणि खेळलेल्या तासांचा फिल्टर लावा.

ऑनलाइन गेममध्ये नाशिककरांसाठी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, महत्त्वाचा; सर्व्हर जितका लांब तितका तो जास्त. ‘काउंटर-स्ट्राइक २’चे सर्व्हर मुंबईत आहेत. जवळचा सर्व्हर सिंगापूरला असलेल्या गेमला युरोपातल्या समीक्षकाने १० पैकी ९ दिले, तरी तो अनुभव आपल्या वाट्याला येत नाही. वेळेचंही तसंच. समीक्षक मुदतीपूर्वी गेम सलग संपवतो. सातपूर-अंबडची शिफ्ट करून रात्री तासभर खेळणाऱ्याला सेव्ह कुठे होतो, हे ग्राफिक्सपेक्षा आधी कळायला हवं.

आपली आवड मोजायची तर खेळून झालेले दहा गेम घ्या, प्रत्येकाला स्वतःचे मार्क द्या आणि त्यांवरची दोन-तीन समीक्षकांची मतं ताडून पाहा. सहा-सात ठिकाणी जुळणारा समीक्षक सरासरीपेक्षा जास्त उपयोगी. नव्या गेमचं सर्वांत कमी मार्कांचं परीक्षण आधी वाचा. ‘संथ आहे, संवाद फार’ ही तक्रार असेल आणि तुम्हाला तेच आवडत असेल, तर ते १० पैकी ६ मार्क तुमच्यासाठी शिफारसच.

तरी शंका उरली तर स्टीमवर घ्या: खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परतावा मागता येतो. ते दोन तास पात्राचा चेहरा सजवण्यात घालवू नका. सेटिंग, कंट्रोलर आणि पहिली मोठी लढाई आधी तपासा. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू झालं की सहसा परतावा मिळत नाही, तिथे ही तपासणी पैसे भरण्याआधीच, गेमप्लेचे व्हिडिओ पाहून करा.