आपोआप फवारणाऱ्या यंत्रात काय भरावं? पाणी, तिखट, सुगंधी तेलं, साबण आणि निंबोळी तेल यांची तुलना

वाफे उकरणारी मांजर, कुंडीतले कंद पळवणारी खार, पिकल्या फळांना चोच मारणारे पक्षी आणि पानांखाली दाटलेला मावा. एकच यंत्र लावून या सगळ्यांतून सुटका व्हावी असं बागेत राबणाऱ्या कुणालाही वाटतं. यंत्र निवडून होतं, पण टाकीत काय भरायचं हा खरा अवघड प्रश्न त्यानंतर येतो.

हातपंपाने फवारताना समोर कोण आहे ते आपल्याला दिसतं, म्हणून आपण थांबू शकतो. यंत्राला ते दिसत नाही. त्यातला इन्फ्रारेड सेन्सर समोर हललेली उष्णता तेवढी टिपतो आणि झडप उघडतो. ती उष्णता घुशीची असेल, पिल्लांसाठी आडोसा शोधणाऱ्या मांजरीची असेल किंवा चेंडू उचलायला वाकलेल्या मुलाची असेल. म्हणून प्रत्येक द्रावणाला मी आधी एकच प्रश्न विचारते: हे चुकून कुणाच्या डोळ्यात गेलं तर काय होईल? कीड किती मरते किंवा प्राणी किती लांब पळतो, हे त्यानंतर.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट हवी. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना हा सेन्सर ओळखतच नाही, इतकी त्यांची उष्णता नगण्य असते. किडीसाठी असलेली यंत्रं टायमरवर चालतात. त्यामुळे प्राण्यांसाठीचं द्रावण आणि किडीसाठीचं द्रावण यांची आपसात तुलना करण्यात अर्थ नाही.

साधं पाणी की तिखट पाणी?

प्राण्यांसाठी बहुतेकांचं मन याच दोन पर्यायांत अडकतं. साध्या पाण्याबद्दल शंका अशी, की नुसत्या पाण्याला कोण भिणार? पण प्राणी पळतो तो अचानक झालेल्या आवाजाने आणि अंगावर आलेल्या फवाऱ्याने. पाण्यात काय मिसळलंय हे कळण्याआधीच तो कुंपणापार गेलेला असतो. मग तिखटाने जास्तीचं काय साधतं? पळून गेल्यावरची वेदना, एवढंच.

आणि ती वेदना लहानसहान नसते. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या संवेदनाग्राहीवर काम करतं, तोच ग्राही खऱ्या चटक्याचीही जाणीव करून देतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. म्हणजे डोळ्यात तिखट गेलेल्या मांजरीला भाजल्यासारखंच वाटतं. त्यात कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने सहज धुऊनही जात नाही. मिरच्या चिरून साबणाने हात धुतले तरी तासाभराने डोळा चोळल्यावर काय होतं ते आपण अनुभवलेलं असतं. मांजर तर अंग चाटून साफ करते आणि त्याच पंजाने तोंड पुसते. पक्ष्यांना मात्र या तिखटाची जाणीव होत नाही, म्हणजे फळं वाचवायलाही त्याचा उपयोग नाही. वारा फिरला की बारीक तुषार आपल्याच घशात जातात, ते वेगळंच. सेन्सरवर चालणाऱ्या यंत्रात तिखट घालू नये, हे माझं ठाम मत आहे.

साध्या पाण्याची उणीव एकच, पण खरी आहे: सवय. काही दिवसांत प्राण्याला फवाऱ्याचा टप्पा कळतो आणि तो बगलेतून येऊ लागतो. त्यावर द्रावण जहाल करणं हा उपाय नव्हे. यंत्राची जागा आणि तोंड दर चार-पाच दिवसांनी बदला. मी पाहिलेली एक करडी मांजर रोज त्याच वाटेने यायची, अगदी फवाऱ्याच्या रेषेपाशी थांबायची आणि वळसा घालून वाफ्यात उतरायची. यंत्र दोन हात सरकवलं, तेव्हा तिने तो कोपरा सोडला. फवारा जमिनीलगत ठेवा, तोंडाच्या उंचीवर नको. कडाक्याच्या थंडीत रात्री यंत्र बंदच ठेवा. भिजलेलं लहान जनावर गारठून मरू शकतं.

व्हिनेगर, अमोनिया आणि सुगंधी तेलं

अमोनियाचा विचारही नको. डोळे आणि श्वासनलिका दोन्ही होरपळतात. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल पानं करपवतं, तीव्र स्वरूपात ते तणनाशक म्हणूनच वापरतात. शिवाय यंत्राचीही वाट लागते. मी ते एकदा भरून पाहिलं होतं. पितळी जोडावर हिरवट थर चढला आणि झडप अर्धवट उघडी राहू लागली.

सुगंधी तेलांबद्दल जास्त सांगायला हवं, कारण ‘नैसर्गिक’ हा शब्द तिथे सर्वाधिक फसवतो. फिनॉल वर्गातली कित्येक रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया लागते, ती मांजरांमध्ये फारच दुबळी असते. टी ट्री तेल त्यांच्यासाठी विषारी आहे, लिंबूवर्गीय तेलांचाही त्यांना त्रास होतो. अंगावर पडलेलं तेल ती चाटते, म्हणजे कातडीवरचा डोस पोटातही जातो. लसणाच्या अर्काचंही तसंच: लसूण पोटात गेला तर कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशींना इजा होते. वास हवाच असेल तर तो कुंपणाच्या कडेला ठेवा, अंगावर नको.

पक्ष्यांसाठी मिथाइल अँथ्रानिलेट हा द्राक्षाच्या वासाचा घटक वापरतात. पक्ष्यांना तो झोंबतो, माणसाला सुवासिक वाटतो. पण तोही फळांवर हाताने फवारण्यासाठीच ठीक. सरळ जाळी लावणं मला जास्त पटतं, फक्त ती ताणून बांधलेली हवी, नाहीतर तिच्यात पक्षी गुरफटतात.

किडीसाठी: साबण, निंबोळी की बीटी?

कीटकनाशक साबण, म्हणजे मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार, मऊ अंगाच्या किडीवर चांगला चालतो. साधारण १ ते २ टक्के द्रावण पुरतं. मात्र ते किडीच्या अंगावर ओलं पडलं तरच उपयोग, वाळल्यावर संपलं. भांडी घासायचा साबण त्याऐवजी वापरू नका, पानांवरचं मेणाचं आवरण त्याने निघून जातं. इथेच यंत्राची अडचण दिसते. मावा पानाच्या खालच्या बाजूला आणि नोझल वर. एक पान उलटून पाहा: वरची बाजू चकचकीत धुतलेली, खाली वसाहत जशीच्या तशी.

निंबोळी तेल किडीची भूक मारतं आणि तिची वाढ रोखतं, पण टाकीत ते टिकत नाही. थोडा साबण घालून घुसळलं तरी काही तासांत तेल वर तरंगतं. पंप तळातून ओढतो, त्यामुळे आधी जवळपास नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटी घट्ट तेल, ज्याने पानं भाजतात. थंडीत तेल गोठून नोझल तुंबतं. शिवाय कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवावं लागतं. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हा जिवाणू अळीने खाल्ला तरच काम करतो, माणसाला आणि पाळीव प्राण्यांना निर्धोक आहे. पण उन्हात तो काही दिवसांतच निकामी होतो, आणि फुलपाखरांची अळीही त्याला अळीच.

शेवंतीवर्गातल्या फुलांपासून मिळणारं पायरेथ्रिन टायमरवर सोडणं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. मधमाश्या आणि मासे त्याने मरतात. त्याचा कृत्रिम भाऊबंद परमेथ्रिन मांजरांसाठी घातक आहे.

मग निवड कशी करावी?

त्रास प्राण्यांचा असेल तर सेन्सरचं यंत्र घ्या आणि त्यात फक्त पाणी भरा. नळाला थेट जोडता आलं तर उत्तम. टाकी असेल तर ती झाकलेली ठेवा आणि आठवड्याच्या आत रिकामी करा, नाहीतर तिथेच डास होतील. त्रास किडीचा असेल तर यंत्रावर खर्च करू नका, एक चांगला हातपंप घ्या. माव्याला साबण, अळीला बीटी, सतत उद्भवणाऱ्या किडीला निंबोळी. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, पान उलटून. आणि सेन्सरचं यंत्र लावल्यावर पहिला फवारा स्वतःच्या अंगावर घ्या. गुडघे टेकून, मांजरीच्या उंचीवरून.